पातेल्याचे माप कोण ठरवणार?

मंडळी, विषय बघून आमचे काही नातेवाईक भुवया उंचावतील. मराठी माध्यमातून बी.ए. केलेल्या निवृत्त शिक्षकाने संगणकाच्या ड्रायव्हरवर लिहावे म्हणजे अतिच झाले! पण आपले बँकेचे व्यवहार आणि परगावच्या मुलांशी बोलणे ज्याच्या जिवावर चालते, ते समजून घ्यायला पदवी कशाला हवी? शिवाय मुद्दा शिस्तीचा आहे, आणि तो माझ्या आवडीचा.

ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि त्याला जोडलेले यंत्र यांच्यातला दुभाषा. वाय-फायवरून आलेली माहिती तो ठरावीक मापाच्या जागेत ओतून घेतो. त्या जागेला बफर म्हणतात, आपण पातेले म्हणू. पातेले लिटरभराचे आणि दूधवाला म्हणतो, "दोन लिटर आहे, घ्या." शहाणा माणूस आधी पातेले बघेल. निष्काळजी ड्रायव्हर दूधवाल्याच्या शब्दावर ओतत सुटतो. ओट्यावरचे दूध पुसता येते. इथे मात्र पातेल्याशेजारीच "आता पुढचे काम कोणते" याची चिठ्ठी ठेवलेली असू शकते. पाठवणारा लबाड असेल, तर सांडलेल्या माहितीतून तो त्या चिठ्ठीवर स्वतःची आज्ञा लिहून जातो. हाच बफर ओव्हरफ्लो.

दुखणे जुनेच आहे. 2 नोव्हेंबर 1988 रोजी रॉबर्ट मॉरिस या अमेरिकन विद्यार्थ्याने सोडलेला वर्म ज्या वाटांनी पसरला, त्यातली एक हीच. 512 बाइटच्या जागेत त्याहून जास्त मजकूर! जे 'गेट्स' फंक्शन माप न बघता ओतत होते, ते सी भाषेच्या प्रमाणातून 2011 साली काढले गेले. तेवीस वर्षांनी.

ड्रायव्हरची गोष्ट याहून गंभीर, कारण तो बहुधा कर्नेलमध्ये, म्हणजे संगणकाच्या गाभाऱ्यातच काम करतो. नोव्हेंबर 2006 मध्ये ब्रॉडकॉमच्या विंडोजवरील वाय-फाय ड्रायव्हरमधला असा दोष जाहीर झाला. वाय-फायच्या नावाला नियमाने जास्तीत जास्त 32 बाइट, पण लांबी सांगणाऱ्या रकान्यात 255 पर्यंतचा आकडा बसतो. लांबलचक नाव आले की पातेले सांडायचे. लॅपटॉपवाल्याने काही दाबायला नको, कुठे जोडायलाही नको. वाय-फाय चालू आणि हल्लेखोर टप्प्यात, एवढे पुरे! 2019 साली लिनक्समधल्या रिअलटेकच्या ड्रायव्हरमध्येही असाच दोष सापडला. तो निदान चार वर्षे तिथे होता.

म्हणूनच "वापरणाऱ्याने सावध राहावे" हा उपदेश मला पटत नाही. ज्याने काही दाबलेच नाही, त्याने सावध राहायचे म्हणजे काय करायचे? जबाबदारी लिहिणाऱ्याची आहे. पाहुण्याने सांगितलेला आकडा आधी आपल्या पातेल्याशी ताडावा. जास्त असेल तर ते पाकीट सरळ टाकून द्यावे. काहीजण म्हणतात, तपासणीने वेग कमी होतो. अहो, दोन आकड्यांची एक तुलना! आणि आम्ही परीक्षेत मुद्दाम आडवे प्रश्न घालायचो, तशी वेडीवाकडी पाकिटे पाठवून ड्रायव्हर बाजारात येण्याआधीच तपासावा.

त्याहून चांगले म्हणजे भाषेनेच पहारा करावा. रस्ट भाषा बहुतेक ठिकाणी पातेल्याबाहेर ओतूच देत नाही. डिसेंबर 2022 च्या लिनक्स 6.1 मध्ये तिला प्रवेश मिळाला आणि मार्च 2024 च्या 6.8 मध्ये नेटवर्कचा एक छोटा ड्रायव्हर रस्टमध्ये लिहिलेला आला. सीमधले जुने सगळे पुन्हा लिहिणे अशक्य, हे मान्य. निदान नवे तरी जुन्या सवयीने लिहू नये.

आणि घरातल्या जुन्या राउटरचे काय? दोष सापडला तरी दुरुस्ती पाठवणारे कोणी नसेल, तर तो दोष आपल्या भिंतीवर तसाच लटकलेला राहतो. ब्रिटनमध्ये 29 एप्रिल 2024 पासून अशा वस्तूंच्या उत्पादकांना दुरुस्त्या किमान कधीपर्यंत देणार, ते जाहीर करावे लागते. औषधाच्या पाकिटावर मुदत बघूनच आपण पैसे देतो ना? राउटरच्या खोक्यावरही तशी तारीख ठळक छापलेली हवी, आणि दुकानात ती विचारायला आपण लाजू नये.

असो. पटले नाही तर जरूर भांडा, फक्त आपापल्या राउटरचे वय आधी बघून या!