आधी चढाचा गिअर, मग वेगाचा

हबगिअरमध्ये गिअरची सगळी चक्रे मागच्या चाकाच्या तुंब्यात, म्हणजे हबमध्ये, बंद असतात. मधोमध सूर्यचक्र, त्याला लागून फिरणारी ग्रहचक्रे आणि त्यांना बाहेरून वेढणारे, आतल्या बाजूला दाते असलेले कडे. स्टर्मी-आर्चरच्या ‘एडब्ल्यू’ या तीन गिअरच्या जुन्या हबमध्ये सूर्यचक्राला २० आणि कड्याला ६० दाते असतात. त्यामुळे चेनने फिरणाऱ्या मागच्या दातेचक्राच्या तुलनेत वरच्या गिअरमध्ये चाक १.३३ पट फिरते, खालच्यात ०.७५ पट. मधल्या गिअरमध्ये ही चक्रे मध्ये येतच नाहीत, जोर थेट चाकाला मिळतो.

पाठ टेकून, पाय पुढे पसरून चालवायच्या रिकम्बंट सायकलीला ही रचना खास मानवते. साध्या सायकलीवर जड गिअरमध्ये थांबावे लागले, तर उभे राहून पेडलवर अंगाचा भार टाकता येतो. रिकम्बंटवर ते शक्य नाही. सिग्नल सुटतो, पाय जोर लावतात, वेग येत नाही आणि पुढचे चाक डावी-उजवीकडे भरकटते. हबगिअर जागेवर उभे असतानाही खाली उतरवता येतो. शिवाय मागचे चाक २० इंची असले, तर चेन एका दातेचक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा डिरेलर जमिनीला लागेल इतका खाली लोंबतो आणि चिखल खातो. हबला तो धोका नाही.

रिकम्बंटची ख्याती मात्र वेगाची. ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर याने शार्ल मोशेने बनवलेल्या रिकम्बंटवर तासाभरात ४५.०५५ किलोमीटर कापले आणि पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघाने ही बैठक शर्यतींतून बाद केली. या ख्यातीपायी घरी सायकल बांधणारा वरच्या गिअरचा हिशोब आधी मांडतो. तो खालून मांडायला हवा, कारण चढावर उभे राहायची सोय नसलेल्या स्वाराला तारतो तो सर्वांत हलका गिअरच.

४०६ मिलिमीटरच्या रिमवर ४० मिलिमीटरचा टायर चढवला, तर चाकाचा एक फेरा सुमारे १.५३ मीटरचा होतो. शिमानोच्या आठ गिअरच्या नेक्सस हबमध्ये पहिला गिअर ०.५२७, पाचवा थेट आणि आठवा १.६१५. पुढे ३८ व मागे १९ दाते ठेवले, तर पेडलच्या एका फेऱ्यात पहिल्या गिअरवर सायकल १.६ मीटर सरकते. मिनिटाला ८० फेरे धरले, तर ताशी पावणेआठ किलोमीटर. चढाला हे पुरेसे, पण आठव्या गिअरवर वेग २४च्या आत राहतो. ५२ व २० दाते घेतले, तर वरचा वेग ३१च्या आसपास जातो, थेट गिअर १९वर येतो आणि पहिला दहावर चढतो. सपाट गावात ही दुसरी जोडी चांगली, कारण रोजचा वेग थेट गिअरवर पडतो आणि तिथेच चक्रांच्या घर्षणात सर्वांत कमी जोर वाया जातो. घाटवाटेला पहिली जोडीच घ्यावी.

दोन्ही हवे असतील, तर रोलॉफचा १४ गिअरचा हब आहे. त्याची व्याप्ती ५२६ टक्के, नेक्ससची ३०७. त्याची प्रत्येक पायरी साधारण १३.६ टक्क्यांची, नेक्ससमध्ये पाचव्याहून सहाव्यावर जाताना पायाला २२ टक्क्यांचा झटका बसतो. किंमत मात्र कित्येक पट आहे.

खरेदीआधी तीन गोष्टी तपासाव्यात. पुढच्या-मागच्या दात्यांचे प्रमाण किती खाली नेता येते, याची मर्यादा निर्माता देतो. प्रमाण जितके कमी, तितका हबच्या आत पीळ जास्त, आणि पाठीला आधार असलेला स्वार आपल्या वजनाहूनही अधिक जोर लावू शकतो. दुसरे म्हणजे, एक्सल स्वतःभोवती फिरू नये यासाठी त्याच्या चपट्या बाजू आणि खाचेचे वॉशर चौकटीत घट्ट बसायला हवेत. वेल्डिंगपूर्वी हबची रुंदी मोजावी. तिसरे म्हणजे, स्वाराच्या पायांच्या लांबीप्रमाणे पुढचा दांडा सरकला की चेनचा ताणही बदलतो, म्हणून ताण देणारी पुली हवीच.

कमी खर्चात व्याप्ती वाढवायची असेल, तर तीन गिअरचा साधा हब सीटखाली मधला टप्पा म्हणून बसवता येतो. पुढची चेन त्याला फिरवते, त्यावरची दुसरी चेन मागच्या चाकाला. मागे डिरेलरची कॅसेट, म्हणजे दातेचक्रांचा संच, असली, तर तिच्या प्रत्येक गिअरचे तीन गिअर होतात आणि थांबल्या जागी हलक्या गिअरवर उतरायची सोयही टिकते.