प्राइम टाइमला घरी कोण असतं?

कल्याणच्या पुढे राहणाऱ्या तरुणांनी केबल तोडली आणि तिच्याबरोबर घरही तोडलं, असा एक सिद्धान्त सध्या उठताबसता ऐकवला जातो. सिद्धान्तकार बहुधा साठी ओलांडलेले, पेन्शन वेळेवर मिळणारे आणि रिमोट स्वतःच्या उशाशी ठेवणारे असतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पूर्वी सगळं घर एका पडद्यासमोर बसायचं, संवाद व्हायचा, कानावर मराठी पडायची. आता जो तो कानात हेडफोन खुपसून कोरियन मालिका बघतो. संस्कार बुडाले, केबलवाल्याच्या पोटावर पाय आला. यातला शेवटचा मुद्दा तेवढा दखल घेण्याजोगा आहे, तो पुढे येईलच.

आधी घड्याळ बघू. मराठी वाहिन्यांच्या बिनीच्या मालिका संध्याकाळी सात ते रात्री साडेदहाच्या दरम्यान लागतात. सात वाजता बदलापूरची पंचविशीतली मुलगी कुठे असते? फोर्टातल्या ऑफिसातून नुकती बाहेर पडून इंडिकेटरकडे मान वर करून उभी असते. सीएसएमटी ते बदलापूर सुमारे ६८ किलोमीटर. गाडी वेळेवर असेल तर दीड तास, आणि गाडी वेळेवर असणं हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. शहाडकराची गत निराळी नाही. त्याचं स्टेशन कसारा मार्गावर, म्हणजे टिटवाळा किंवा आसनगाव हुकली की कल्याणला उतरून रिक्षाच्या रांगेत उभं राहायचं. उल्हासनगर-अंबरनाथचे लोक कर्जत मार्गावर तोच व्यायाम करतात. नऊ-सव्वानऊला घरात पाऊल, मग आंघोळ, जेवण, उद्याचा डबा. तोवर मालिकेतल्या सासूने कारस्थान रचून, उघडं पडून, पुन्हा रचलेलं असतं. दुपारी पुनःप्रक्षेपण असतं म्हणे. दुपारी ती मुलगी ऑफिसात असते.

म्हणजे वाहिन्यांनी वेळापत्रक आखलं ते संध्याकाळी घरी असणाऱ्यांसाठी. यात पाप काही नाही, धंदा आहे. पण त्या वेळापत्रकात जो बसतच नाही, त्याने ते ‘सोडलं’ असा आरोप करायचा? आणि गंमत पुढेच आहे. हीच मुलगी रात्री वायफायवर भाग डाउनलोड करून ठेवते आणि सकाळी लेडीज डब्यात, चौथ्या सीटवर अर्धी टेकून, झी५ नाहीतर जिओहॉटस्टारवर तीच मालिका, तीच सासू, तेच मराठी संवाद बघते. शेजारची मान वळवून बघते, समोरची ‘कालचं झालं का गं?’ विचारते. एकत्र बघण्याचा सोहळा हवा असेल तर तो तिथे आहे, सिद्धान्तकारांच्या हॉलमध्ये नाही.

हॉलमधल्या संवादाबद्दल एकच. मालिका चालू असताना तिथे कोणी तोंड उघडलं की ‘श्शू’ होत असे.

शिवाय कल्याणच्या पुढे वीज गेली की फक्त टीव्ही विझत नाही. केबलचा खांबावरचा अ‍ॅम्प्लिफायरही बंद पडतो. मोबाइल चालू राहतो.

केबल ही संस्कृतिरक्षक, हे ऐकून जुन्या लोकांना तरी हसू यायला हवं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, तेव्हा ओट्यावरच्या गप्पा आणि वाचनालयं संपणार म्हणून हळहळ झाली. १९९१ मध्ये स्टार आलं, १९९२ च्या ऑक्टोबरात झी आलं, गच्च्यांवर छत्र्या उगवल्या. तेव्हा घर बुडवणारी हीच केबल होती. आज ती देवघरात जाऊन बसली आहे.

आता पैसे. ‘जे बघाल त्याचेच पैसे द्या’ हे वचन ग्राहकाला आधी कॅसच्या, म्हणजे सेट-टॉप बॉक्सच्या पहिल्या सक्तीच्या वेळी मिळालं, मग २०१२ पासूनच्या डिजिटायझेशनच्या वेळी, मग फेब्रुवारी २०१९ च्या नव्या दरव्यवस्थेत. तिसऱ्या खेपेला हिशेब असा निघाला: एकही सशुल्क वाहिनी घेण्याआधी नेटवर्क शुल्क १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण १५३ रुपये ४० पैसे. पुढे सुट्या वाहिन्या इतक्या महाग आणि पॅक इतके स्वस्त ठेवले की ग्राहकाने निमूट पॅकच घ्यावा. डिसेंबर २०२१ मध्ये नेटफ्लिक्सने मोबाइलपुरता दर १४९ रुपयांवर आणला. भाड्याच्या वन-रूम-किचनमध्ये राहणाऱ्या मुलाने यातलं काय निवडावं, हे सांगायला संस्कारतज्ज्ञ लागत नाही.

केबलवाल्याच्या पोटाचा मुद्दा खरा आहे. केबल वितरकांच्या संघटनेने ईवाय या सल्लागार कंपनीबरोबर काढलेल्या अहवालानुसार देशातले सशुल्क टीव्हीचे ग्राहक २०१८ मधल्या १५.१ कोटींवरून २०२४ मध्ये ११.१ कोटींवर आले. ही पडझड एकट्या तरुणांच्या माथी मारता येत नाही. काही घरं फुकटच्या डीडी फ्री डिशकडे गेली, आणि ती घरं काही कोरियन मालिकांच्या नादाला लागलेली नव्हती. शिवाय बऱ्याच केबलवाल्यांनी त्याच खांबांवरून फायबर ओढून ब्रॉडबँड विकायला घेतलं आहे. ‘केबल नको, वायफाय द्या’ म्हणणारा तरुण त्यांचाच गिऱ्हाईक असतो.

मग या नव्या व्यवस्थेची बाजू काय? वेळ आपल्या हातात राहते. वाहिन्यांनी ज्यांना दारात उभं केलं नसतं, अशा ‘भाडिपा’सारख्या मंडळींना २०१६ पासून यूट्यूबवर मराठी प्रेक्षक मिळाला. सबटायटलच्या आधाराने मल्याळी सिनेमा अंबरनाथच्या चाळीत पोचला. नाही म्हणायला, अ‍ॅपवालेही संत नाहीत. २०२३ ला आयपीएल जिओसिनेमावर फुकट होती, २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि हॉटस्टार एक झाल्यावर तिलाही वर्गणी लागली. फरक एवढाच की हंगाम संपला की ती वर्गणी बंद करता येते, आणि तरुण ती करतातही. २०२४ मध्ये नियामक असलेल्या ट्रायने नेटवर्क शुल्कावरची कमाल मर्यादा काढून दर ठरवणं वितरकांवर सोडलं आहे. तेव्हा शहाडच्या केबलवाल्याने ब्रॉडबँडच्या बिलातच आईसाठी पाच-सहा मराठी वाहिन्या जोडून दिल्या, तर मुलगा ते बिल भरेल. त्याने तोडलेला होता तो पॅक.