‘पहेली’ : भुताने विचारलेला प्रश्न

भुताखेतांचा चित्रपट म्हटला की आपल्याकडील सुशिक्षित वर्ग नाक मुरडतो. परंतु सगळीच भुते भिववायला येत नाहीत. काही माणसांची पारख करायला येतात. अमोल पालेकरांच्या २००५ सालच्या ‘पहेली’ या हिंदी चित्रपटातील भूत त्यांपैकीच एक होय.

मूळ कथा राजस्थानी लेखक विजयदान देठा यांची. व्यापाऱ्याच्या मुलाचे लग्न होते आणि लगेच तो पाच वर्षांसाठी परगावी निघतो. लग्नाची पहिली रात्रही तो हिशेब जुळवण्यात घालवतो. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हे पाहून हसू येते आणि थोडी शरमही वाटते. नवरीवर भाळलेले भूत नवऱ्याचे रूप घेऊन घरी येते. देठांच्या कथेत रोज पाच मोहरा मिळू लागताच बापाच्या शंका मिटतात. तिच्यापाशी मात्र भूत खोटे बोलत नाही. आपण कोण हे सांगून निर्णय ते तिच्यावर सोपवते.

माझ्या मते साऱ्या चित्रपटाचे मर्म या प्रसंगात आहे. लग्न ठरवताना तिला कोणी विचारले नाही, नवऱ्याने जातानाही विचारले नाही. विचारले ते भुताने! आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांना येथे गिरीश कार्नाडांचे ‘नागमंडल’ आठवेल. टी. एस. नागाभरण यांनी १९९७ साली त्यावर चित्रपट काढला. तेथेही नाग नवऱ्याच्या रूपात येतो, पण राणीला तो खरे सांगत नाही. ‘पहेली’चे वेगळेपण या सांगण्यात आहे.

पालेकर हे जे. जे. मध्ये शिकलेले चित्रकार, बँकेत नोकरी केलेले, मराठी रंगभूमीवर वाढलेले. २००३ सालच्या ‘अनाहत’ या मराठी चित्रपटातही त्यांनी राणीच्या इच्छेचा प्रश्न मांडला होता. त्यात अनंत नाग होते, हे कन्नड मित्रांना सांगायला हवे. ‘पहेली’ची पटकथा संध्या गोखले यांची, गीते गुलजारांची. भारतातर्फे ऑस्करसाठी हाच चित्रपट पाठवला गेला.

मणी कौल यांनी याच कथेवर १९७३ साली ‘दुविधा’ काढला. त्यात भूत कोंडले जाते आणि तिला नवऱ्यासोबत मुकाट्याने नांदावे लागते. पालेकरांचे भूत मात्र सुटते आणि नवऱ्याच्याच शरीरात शिरते. शेवट गोड झाला म्हणून काहींना हा गल्ल्यासाठी केलेला बदल वाटतो. मला तसे वाटत नाही. होकार देणाऱ्या स्त्रीला सुख मिळाले तर बिघडले कोठे? माझा आक्षेप वेगळा आहे. तिचे प्रेम जगाला चालते, कारण त्याचा चेहरा नवऱ्याचा आहे. शिवाय बापाच्या हुकमाने परगावी गेलेल्या त्या नवऱ्यालाही कोणी काही विचारत नाही. त्याचे शरीर परस्पर वापरले जाते. हा ताळेबंद जुळत नाही.

हे मला अधिक टोचते, कारण माझे गाव पांढुर्णा. मध्य प्रदेशातील हे गाव २०२३ साली जिल्ह्याचे ठिकाण झाले, पण दूरवर त्याची ओळख गोटमारीसाठी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून वर झेंडा लावतात आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन्ही काठांवरून दगड सुरू होतात. डोकी फुटतात, आजवर कित्येक जीवही गेले आहेत. आख्यायिका अशी की पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावच्या मुलीला घेऊन नदी ओलांडत होता. दोन्ही बाजूंनी दगड आले आणि दोघेही पात्रातच मेले. त्या मुलीच्या मनात काय होते, हे आमच्याकडे कोणी सांगत नाही. नवऱ्याचा चेहरा घेण्याची विद्या त्या बिचाऱ्या मुलाजवळ नव्हती.

आजही लग्नाच्या बैठकीत मानपानाची यादी बारकाईने लिहिली जाते. मुलीचा होकार त्या यादीत कोठेच नसतो. आपण पदवीधर होऊन उद्या त्या बैठकीत बसणार आहोत. तिला आधी विचारा, एवढे म्हणण्याचे धैर्य आपल्यापैकी किती जणांत आहे?