आधी मीटर, मग चावी

भाड्याचे घर किंवा गाळा सोडताना आपले कारागीर बांधव सामान जपून हलवतात. शिलाई मशीन गादीत गुंडाळून टेम्पोत चढते, डिपॉझिटवरून मालकाशी दोन दिवस हुज्जत होते. विजेच्या मीटरचा आकडा मात्र कोणी लिहून घेत नाही. आमच्या मते हा हिशेब चावी देण्याच्या आधी व्हायला हवा.

कोल्हापूरच्या जुन्या पेठांत वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर चालणारी मीटर सर्रास आढळतात. वीज मंडळ जाऊन 2005 मध्ये महावितरण आले, तरी बिलावरचे नाव तेच! बिल भरले जाते तोवर कोणाचे अडत नाही. घर हलवण्याची वेळ आली की अडते. जोडणी घेताना भरलेली सुरक्षा ठेव ग्राहकाच्या नावावर असते आणि तिच्यावर व्याजही मिळते. मयताच्या नावावरची ठेव परत मिळवायची तर वारसाचे कागद गोळा करत फिरावे लागते.

थकबाकीचा प्रश्न याहून मोठा आहे. आधीच्या वापरणाऱ्याचे न भरलेले बिल जागेबरोबर येते. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही नियमांत तशी तरतूद असल्यास नव्या मालकाकडे जुनी बाकी मागता येते, असे म्हटले. आपल्या राज्यात वीज नियामक आयोगाने 2005 च्या पुरवठा संहितेत ही जबाबदारी जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या बाकीपुरती ठेवली आणि 2021 च्या संहितेतही ती मर्यादा कायम राहिली. पण ही सवलत वारसाला नाही. बापाची बाकी मुलाकडे पूर्ण येते. तेव्हा गाळा घेताना पागडी-भाड्याची बोलणी करण्याआधी बिलावरचा थकबाकीचा रकाना पाहावा.

घरातच धंदा करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चपलांचे काम, शिवणकाम, भरतकाम आपल्याकडे राहत्या घरातच चालते. आयोगाच्या 2020 च्या दर आदेशात अशांना दिलासा होता : घराच्या काही भागात व्यवसाय असेल आणि वापर महिन्याला 300 युनिट व मागील वर्षात एकूण 3600 युनिटच्या आत असेल, तर घरगुती दरच लागू. पण काम वाढले म्हणून वेगळी जागा घेतली, तिथे दोन मोटारी बसवल्या आणि मीटर पूर्वीच्या भाडेकरूचा घरगुतीच राहू दिला, तर तो 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 126 नुसार अनधिकृत वापर ठरतो. आकारणी दुप्पट दराने होते, आणि केव्हापासून वापर झाला हे ठरवता आले नाही तर ती मागील बारा महिन्यांची धरली जाते. लहान कारागिराचे भांडवल एवढ्यात संपते.

मीटर भाडेकरूच्या नावावर करायला मालक कचरतात. जागा हातची जाईल ही त्यांची भीती. पण विजेचे बिल म्हणजे मालकीचा कागद नव्हे, आणि मालकाला खरे संरक्षण हवे असेल तर ते नोंदणीकृत भाडेकरारात आहे. तो करून घेण्याची जबाबदारी 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने मालकावरच टाकली आहे. शिवाय 2003 च्या कायद्यात पुरवठा मागण्याचा हक्क मालकाला आहे तसाच जागेत राहणाऱ्यालाही आहे. उलट बाजूने, भाडेकरूला हुसकावण्यासाठी वीज-पाणी तोडणाऱ्या मालकाला कायद्याचा आधार नाही. कलम 29 ते स्पष्ट नाकारते. आपल्यातले किती गाळेमालक हे जाणतात?

गॅसचे काम त्यामानाने सोपे. गाव बदलणार असाल तर सिलिंडर व रेग्युलेटर शेजाऱ्याकडे ठेवून जाऊ नका, एजन्सीत जमा करून पावती घ्या. पाणीपट्टी आणि घरफाळा यांतले कोणते कोणी भरायचे, ते करारातच लिहावे. थेट पाइपलाइनने काळम्मावाडीचे पाणी 2023 मध्ये शहरात आले, म्हणून जुनी पाणीपट्टी कोणी माफ केलेली नाही.

जागा सोडायच्या दिवशी मालक व भाडेकरू दोघांनी मीटरसमोर उभे राहून आकडा वाचावा, मोबाइलवर फोटो काढावा आणि कराराच्या पाठीवर तारखेसह आकडा लिहून दोघांनी सह्या कराव्यात. शेवटचे बिल त्या आकड्यापर्यंतचे मागून घ्यावे आणि ते भरल्याची पावती हाती आल्यावरच डिपॉझिटचा हिशेब मिटवावा.