‘लवकरच’ म्हणजे नक्की कधी?

दिवाळीच्या तोंडावर शिंप्याकडून ‘परवा या’ ऐकण्याची गिऱ्हाइकाला सवय असते. परवा गेलं की काजं-बटणं राहिलेली असतात. पण तिथे दुकान समोर असतं, भांडायला माणूस असतो आणि शिलाई बहुधा कपडा हातात पडल्यावर द्यायची असते. सॉफ्टवेअरच्या गिऱ्हाइकाचे पैसे मात्र दरमहा आपोआप कापले जातात आणि ‘परवा’ म्हणायलाही कुणी भेटत नाही.

22 फेब्रुवारी 2021 रोजी गाणी ऐकवणाऱ्या स्पॉटिफायने वाजतगाजत ‘हायफाय’ जाहीर केलं. सीडीच्या दर्जाचा आवाज, निवडक देशांत, त्याच वर्षी. बिली आयलिश ही गायिका आणि तिचा भाऊ फिनियस यांनी चित्रफितीत त्याची महती सांगितली. मे महिन्यात ॲपल आणि ॲमेझॉन यांनी तसाच आवाज जादा पैसे न घेता देत असल्याची घोषणा केली. जी वस्तू चढ्या भावाने विकायची, तीच शेजारच्या दुकानात फुकट! स्पॉटिफायचा हिशेब इथेच फिसकटला असणार, आणि धंद्यात असं होतं. चीड येते ती पुढच्या मौनाची. 2021 सरलं. जानेवारी 2022 मध्ये कंपनीने कळवलं, की तारखेबद्दल सांगण्यासारखं काही नाही. दरम्यान अमेरिकेतली वर्गणी 2023 मध्ये वाढली, 2024 मध्ये पुन्हा वाढली. त्या तारखा मात्र चुकल्या नाहीत. तो आवाज ग्राहकांच्या कानी पडला सप्टेंबर 2025 मध्ये, साडेचार वर्षांनी.

ॲपलची तऱ्हा वेगळी. जून 2024 मध्ये ‘सिरी’ या फोनमधल्या बोलक्या मदतनिसाच्या नव्या रूपाचं प्रात्यक्षिक झालं आणि सप्टेंबरमध्ये आयफोन 16 बाजारात आला. जाहिरातीत समोरून येणाऱ्या माणसाचं नाव आठवत नाही म्हणून तरुणी गोंधळते आणि फोन तिला ते सांगतो. विकल्या गेलेल्या फोनमध्ये ही करामत नव्हतीच. मार्च 2025 मध्ये कंपनीने उशीर कबूल केला, जाहिरात मागे घेतली आणि सुविधा ‘येत्या वर्षात’ येईल असं सांगितलं. हे येतं वर्ष कोणतं? चालू सालाचे उरलेले महिने, पुढचे बारा महिने की नवं साल? जूनमध्ये अधिकाऱ्यांनी खुलासा केला: 2026. हाच आकडा मार्चमध्ये लिहायला काय हरकत होती, हे ॲपलच जाणे. तोवर कॅलिफोर्नियात ग्राहकांनी दावे ठोकले होते.

कंपन्यांचीही एक अडचण आहे. 1983 मध्ये ऑस्बोर्न या संगणक कंपनीने पुढच्या यंत्राचा गवगवा केला, गिऱ्हाइकं त्याची वाट पाहत थांबली आणि कंपनीचं दिवाळं निघालं, असं सांगतात. कारणं आणखीही होती, पण धसका टिकला. शिवाय प्रोग्रॅमचं काम किती दिवसांत होईल, हे तो लिहिणाऱ्यालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. हे सगळं मान्य. मग स्टेजवरून तरी छातीठोक का बोलावं?

महाराष्ट्राला हा खेळ ठाऊक आहे. नव्या घरांच्या छापील माहितीपत्रकात पोहण्याचा तलाव, बागेत बागडणारी मुलं, आणि ताबा ‘लवकरच’. 2017 मध्ये बांधकाम प्रकल्पांवर नजर ठेवणारं महारेरा हे प्राधिकरण आलं, तेव्हापासून बिल्डरला प्रकल्प पूर्ण होण्याची तारीख नोंदवावी लागते आणि जाहिरातीतल्या खोट्या आश्वासनाची भरपाई मागता येते. इमारती अजूनही रखडतात, पण किती रखडल्या हे मोजता येतं.

सॉफ्टवेअरलाही हे अशक्य नाही. मायक्रोसॉफ्ट आपल्या ऑफिस प्रणालीतल्या येऊ घातलेल्या सुविधांची यादी उघड ठेवते: काय बनतंय, काय पोहोचवणं सुरू आहे, काय पोहोचलं. तिथल्याही तारखा सरकतात, पण सरकलेल्या दिसतात. तीच यादी प्रत्येक वर्गणीच्या पानावर ‘पैसे भरा’च्या बटणाला खेटून यायला हवी, आणि ज्या सुविधेपुढे महिना लिहिता येत नसेल, तिची जाहिरात तोवर बंद राहावी.