एक खुर्ची, साडेचार माणसे

पोलीस कमी पडतात, हे वाक्य आपल्याकडे दर सणाला आणि दर दंगलीनंतर ऐकू येते. मग दर लाख लोकसंख्येमागे पोलीस किती, हा आकडा निघतो, दुसऱ्या राज्याशी ताडला जातो आणि भरतीची मागणी होते. माझा आक्षेप भरतीला नाही, या हिशेबाला आहे.

बँकेत असताना शाखेला माणसे किती लागतील हे आम्ही तिथल्या कामावरून ठरवीत असू आणि रजेवर जाणाऱ्यांच्या जागी बसायला काही कारकून आधीच धरीत असू. तरीही माणूस कमी पडला, तर एखादी खिडकी बंद ठेवता येई. पोलीस ठाण्याला ती सोय नाही.

ठाणे अंमलदाराची खुर्ची घ्या. वर्षाचे तास ८,७६०. साप्ताहिक सुट्ट्या, रजा, आजारपण, प्रशिक्षण, कोर्टाच्या तारखा वजा केल्या, तर एका माणसाचे माझ्या अंदाजाने अडीचशे दिवस उरतात. आठ तासांप्रमाणे दोन हजार तास. म्हणजे एका खुर्चीला जवळजवळ साडेचार माणसे! बारा तासांची ड्युटी लावली की तेच काम तिघांत भागते आणि तूट कागदावर दिसेनाशी होते. पहारा, बिनतारी संदेश, गाडीचा चालक, गस्तीचे दोघे असे धरत गेलात, तर तपासाला हात घालण्यापूर्वीच पंचवीसेक माणसे संपतात. त्यात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती-जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक केले. चांगलेच केले; पण त्याचे तास कोणी मोजले?

लोकसंख्येचे माप मेळघाटात तर साफ फसते. धारणी-चिखलदऱ्यात माणसे थोडी आणि वाटा लांब. घाटातल्या एका समन्सला अख्खा दिवस जातो, तिथे दर लाखाचा आकडा काय सांगणार?

बंदोबस्ताचेही तसेच. अमरावतीत अंबादेवीचे नवरात्र, अकोल्यात श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन राजराजेश्वराला येणाऱ्या कावडी, हे सारे पंचांगात आधीच लिहिलेले असते. तरी दरवर्षी त्यासाठी ठाणी रिकामी करायची आणि रजा रद्द करायच्या. नोव्हेंबर २०२१मध्ये अमरावतीत, मे २०२३मध्ये अकोल्यात उसळलेला हिंसाचार मात्र पंचांगात नव्हता. राखीव माणसे ठेवायची ती अशा दिवसांसाठी.

आठ तासांची ड्युटी अशक्य आहे, असे मात्र कुणी सांगू नये. मुंबईत २०१६ साली देवनार ठाण्यात तो प्रयोग झाला. २०२१ साली अमरावती शहरात महिला पोलिसांसाठी ती सुरू झाली आणि त्याच वर्षी महासंचालकांनी ती प्रायोगिक स्वरूपात राज्यभर नेली. निर्णय स्वागतार्ह, पण माणसे तेवढीच ठेवली, तर उरलेले चार तास शेजारच्या शिपायाच्या डोक्यावर बसतात.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न येणारच. आज तो खर्च होतच आहे. शिपायाची मुले तो भरतात, आणि रात्री दोन वाजता तक्रार घेऊन आलेली, 'साहेब बंदोबस्तात आहेत, सकाळी या' हे ऐकून परतणारी बाई भरते. गृह खात्याने निदान वऱ्हाडातल्या प्रत्येक ठाण्याच्या मंजूर पदांशेजारी तिथल्या चोवीस तासांच्या खुर्च्या किती, हा रकाना छापावा. भरतीचा आकडा त्यानंतर मागू.