टाळेबंदीतले गुन्हे
२०२० साली देशात ६६ लाखांहून अधिक दखलपात्र गुन्हे नोंदले गेले. आदल्या वर्षापेक्षा २८ टक्के जास्त. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या या आकड्यात मोठी भर पडली ती दंड संहितेच्या कलम १८८ ची, म्हणजे सरकारी आदेश मोडल्याची. २०१९ मध्ये अशी सुमारे २९ हजार प्रकरणे होती, २०२० मध्ये सहा लाखांवर गेली. चोऱ्या घटल्या, माणसे घरातच होती. महिलांवरील गुन्ह्यांची नोंदही ८ टक्क्यांनी घटली, आणि धास्ती वाटते ती इथेच. मारणारा चोवीस तास समोर, माहेरची वाट बंद, पोलीस नाकाबंदीवर. त्या बाईने ठाणे गाठायचे कसे? राष्ट्रीय महिला आयोगाला एप्रिल २०२० मध्ये कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारींसाठी व्हॉट्सॲप क्रमांक सुरू करावा लागला, तो उगाच नव्हे. महाराष्ट्राने पुढे १८८ चे खटले मागे घ्यायचे ठरवले, ते योग्यच. पण जी मारहाण नोंदलीच गेली नाही, तिचे काय? मदतवाहिन्यांवर त्या काळात आलेले आणि पुढे गुन्हा न नोंदलेले फोन गृह खात्याने आजही तपासून घ्यावेत. त्यातल्या कित्येकजणी अजून त्याच घरात असतील.